अझ्तेकावर मॅच बघायला मेक्सिको सिटीला येताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा कोल्हापूरचा, कामानिमित्त काही वर्षांपासून मेक्सिको सिटीत पोर्तालेस भागात राहतो. पुणे, कोल्हापूर, मडगाव, डॅलस, सगळीकडून मेसेज येत असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलं. अझ्तेका स्टेडियमवर फुटबॉल वर्ल्ड कपची मॅच असो, मेक्सिकोच्या टीमची असो किंवा इथल्या लीगमधली मोठी मॅच असो, यातलं बहुतेक सगळीकडे लागू पडतं. उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत तिथं नंबर दिलाय, तो बघा.

१. अझ्तेका, बानोर्ते, सियुदाद दे मेहिको ही तीन वेगळी स्टेडियम आहेत का? माझ्या तिकिटावर वेगळंच नाव आहे.

तिन्ही एकच. मूळ नाव एस्तादिओ अझ्तेका. २०२५ पासून बँकेच्या स्पॉन्सरशिपमुळे एस्तादिओ बानोर्ते झालं, आणि फिफा वर्ल्ड कपमध्ये स्पॉन्सरचं नाव चालवून घेत नाही म्हणून त्यांच्या कागदावर ते एस्तादिओ सियुदाद दे मेहिको. टॅक्सीवाल्याला 'अस्तेका' म्हणा, बाकी काही सांगायची गरज नाही. मात्र तिकिटावरचं शहर नीट वाचा. २०२६ च्या वर्ल्ड कपच्या मेक्सिकोतल्या १३ मॅच तीन शहरांत आहेत, मेक्सिको सिटीत ५ आणि ग्वादालाहारा, माँतेरेला प्रत्येकी ४. 'मेक्सिको' एवढंच बघून हॉटेल बुक केलेले लोक मला भेटलेत, आणि ही शहरं एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब आहेत.

२. एवढा खर्च करून यावं असं त्या मैदानात आहे तरी काय?

हे उत्तर लांबणार आहे. १९६६ साली २९ मे ला हे मैदान सुरू झालं, आर्किटेक्ट पेद्रो रामिरेस वास्केस. १९७० ची फायनल इथं, ब्राझील ४ इटली १, पेलेचा शेवटचा वर्ल्ड कप. त्याच स्पर्धेतली इटली-पश्चिम जर्मनी सेमीफायनल इथलीच, ४-३, ज्यातले पाच गोल एक्स्ट्रा टाइममध्ये झाले. तिला इथं 'शतकातली मॅच' म्हणतात आणि स्टेडियमवर तशी पाटी लावलेली आहे. मग १९८६, २२ जून, अर्जेंटिना-इंग्लंड. ५१ व्या मिनिटाला मॅराडोनाचा हाताने केलेला गोल आणि चारच मिनिटांनी अर्ध्या मैदानातून पाच-सहा जणांना चकवत केलेला दुसरा. एकाच माणसाचे, एकाच मॅचमधले, एकाच गवतावरचे. आमच्या पेठेत ज्या घरांवर अजून वर्ल्ड कपला अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, त्यातल्या बऱ्याच घरांचं कारण ती चार मिनिटं आहेत. आठवड्याने फायनलही इथंच झाली, अर्जेंटिना ३ पश्चिम जर्मनी २.

२०२६ ची पहिली मॅच, ११ जून, मेक्सिको-दक्षिण आफ्रिका, हीपण इथली, त्यामुळे तीन वर्ल्ड कप बघितलेलं जगातलं हे पहिलं स्टेडियम. (२०१० चा वर्ल्ड कपही याच दोन टीमनी, ११ जूनलाच, जोहान्सबर्गला सुरू केला होता.)

पण खरं सांगू का, इतिहास वाचून येतो आपण आणि लक्षात राहतं ते वेगळंच. शित्ले नावाच्या ज्वालामुखीच्या लाव्हावर हे बांधलंय, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखाच काळा दगड, आणि तो फोडून खड्डा केल्यामुळे मैदान रस्त्यापेक्षा खाली आहे. बाहेरून ते काही फार उंच वाटत नाही. तुम्ही उतारावरून चालत वर जाता, एका काळोख्या बोळातून आत वळता, आणि एकदम पायाखाली खूप खोल हिरवं मैदान आणि समोर भिंतीसारखी उभी चढलेली हजारो माणसं दिसतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पीटीएम-शिवाजी या स्थानिक संघांची फायनल बघत वाढलेला माणूस आहे मी, गर्दी नवीन नाही, तरी त्या वळणावर पहिल्यांदा पाय थांबले होते.

३. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो, पण मोठी सवलत आहे. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन देशांपैकी कुणाचा चालू व्हिसा असेल किंवा तिथली पर्मनंट रेसिडेन्सी असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पर्यटक म्हणून १८० दिवसांपर्यंत येता येतं. यातलं काहीच नसेल तर मेक्सिकोचा व्हिसा काढायचा, भारतातल्या मेक्सिकोच्या वकिलातीतून. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून मॅचचं तिकीट हातात आल्याआल्या कामाला लागा. व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा, बॅगेत नाही, हातात. आणि परतीच्या दिवशीही तो व्हिसा चालू आहे ना ते बघा, विशेषतः अमेरिकेतूनच परत जाणार असाल तर (प्रश्न ५).

४. मी अमेरिकेत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर आहे, पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय, नवीन आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आहे. येऊ शकतो का?

हा सगळ्यात जास्त गोंधळाचा प्रश्न, दोन भाग वेगळे करा. मेक्सिकोत शिरायला चालू व्हिसा लागतो, नुसतं आय-७९७ चालत नाही, त्यामुळे स्टॅम्प संपला असेल तर अमेरिकेतल्या मेक्सिकोच्या कॉन्सुलेटमधून मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल. दुसरा भाग परत जाण्याचा. मेक्सिकोत ३० दिवसांपेक्षा कमी राहिलात, चालू आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आहे आणि इथं असताना अमेरिकेच्या नवीन व्हिसासाठी अर्ज केला नाही, तर 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन' नावाच्या नियमाखाली संपलेल्या स्टॅम्पवर परत जाता येतं. विमानतळावर काउंटरवरच्या प्रत्येकाला हा नियम माहीत असतोच असं नाही, म्हणून तो छापून सोबत ठेवा आणि निघण्याआधी आपल्या कंपनीच्या वकिलाला लेखी विचारा. एका मॅचसाठी नोकरी अडचणीत आणू नका.

५. भारतातून कसं यायचं? अमेरिकेतून फक्त विमान बदलणार आहे, बाहेर पडणार नाही, तरी व्हिसा?

भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूलवरून टर्किशचं येतं, एमिरेट्सचं दुबईहून बार्सिलोनाला थांबून येतं, नाहीतर पॅरिस, अॅमस्टरडॅम, माद्रिद वगैरे. सगळं मिळून २५-३० तास धरा. अमेरिकेत मात्र 'फक्त विमान बदलतोय' असा प्रकारच नाही, प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे व्हिसा हवाच. युरोपातल्या विमानतळांचे ट्रान्झिटचे नियम देशागणिक बदलतात, ते तिकीट काढण्याआधी एअरलाइनकडून पक्के करून घ्या.

वेळेचा फरक साडेअकरा तास आहे आणि वर्षभर तेवढाच राहतो, कारण मेक्सिकोने २०२२ मध्ये घड्याळं पुढेमागे करणं बंद केलं. म्हणजे दिवसाची रात्र होते. मॅचच्या आदल्या रात्री पोचणारे दुसऱ्या हाफमध्ये पेंगतात, मी बघितलंय. किमान तीन दिवस आधी या, उंचीचंही कारण आहेच (प्रश्न १४).

६. इमिग्रेशनला काय विचारतात? मॅचचं तिकीट दाखवलं की झालं ना?

मॅचचं तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. पण सोबत असलेलं चांगलं, कारण 'कशाला आलात' याचं ते एका ओळीत उत्तर आहे. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि मॅचचं तिकीट, तिन्हींचे प्रिंट ठेवा, फोनची बॅटरी त्याच वेळी दगा देते. कधीकधी भारतीयांना बाजूला बसवून जास्त प्रश्न विचारतात, शांतपणे उत्तरं द्या. अधिकारी शिक्क्यावर दिवस लिहून देतो ते तिथंच वाचा. १८० दिवस 'पर्यंत' आहेत, हक्काचे नाहीत, कमी लिहिले तर तेवढेच.

दोन गोष्टी आणू नका: व्हेप, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या. दोन्हींवर इथं बंदी आहे.

७. दोन विमानतळ दिसतायत, कुठलं घेऊ?

बेनितो हुआरेस हे शहरातच आहे, शक्यतो तेच. फेलिपे आंहेलेस हे २०२२ ला सुरू झालेलं, शहराच्या उत्तरेला बरंच लांब, आणि अझ्तेका शहराच्या दक्षिण टोकाला, म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. तिकीट स्वस्त दिसतं पण टॅक्सीत ते पैसे जातात. हुआरेसवरून आत काउंटरवर पैसे भरून मिळणारी अधिकृत टॅक्सी किंवा उबर, दीदी (उबरसारखंच अॅप) घ्या. बाहेर हाका मारणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

८. तिकीट कुठून काढायचं? ओळखीचा एकजण बॉक्समधली जागा देतो म्हणतोय.

वर्ल्ड कपचं तिकीट फक्त फिफाच्या साइटवरून आणि त्यांच्याच अधिकृत रिसेलवरून. ते मोबाइलमध्ये येतं, त्यामुळे कुणी पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट विकत असेल तर तिथंच थांबा. लीगच्या मॅचचं तिकीट क्लबच्या स्वतःच्या साइटवर जी लिंक असते तिथून. तिकडे एक जास्तीची पायरी येऊ शकते. मार्च २०२२ मध्ये केरेतारोला प्रेक्षकांत भयंकर मारामारी झाली, त्यानंतर लीगने 'फॅन आयडी' आणलं, म्हणजे फोटो आणि ओळखपत्र देऊन आधी नोंदणी. परदेशी माणसाला पासपोर्टवर करता येते. तुमच्या मॅचला ती लागते का हे तिकीट घेतानाच बघा, गेटवर उभं राहून फोनवर करत बसायची ती गोष्ट नाही.

बॉक्सचं प्रकरण खरंही असू शकतं. स्टेडियम बांधायला पैसे हवे होते म्हणून साठच्या दशकात इथले बॉक्स, ज्यांना पाल्को म्हणतात, ९९ वर्षांच्या हक्काने विकले गेले. त्यामुळे काही कुटुंबांकडे आजही खरंच स्वतःचा पाल्को आहे. पण तो हक्क मालकाचा. तुम्हाला ओळखीतून बोलावलं तर नशीबवान आहात, आगाऊ पैसे मागितले तर नको. गेटबाहेर तिकीट विकणाऱ्या माणसांना इथं रेव्हेंदेदोर म्हणतात, त्यांच्याकडून घेतलेलं तिकीट गेटवर लाल झालं की विकणारा तोवर गर्दीत नाहीसा झालेला असतो.

९. वर्ल्ड कपचं तिकीट नाही मिळालं, परवडतही नाही. मग?

मग लीगच्या मॅचला या, आणि मी तर म्हणेन फुटबॉलवर खरं प्रेम असेल तर हेच आधी करा. इथं वर्षात दोन हंगाम असतात, आपेर्तुरा जुलै ते डिसेंबर आणि क्लाउसुरा जानेवारी ते मे, शेवटी बाद फेरी. अमेरिका हा अझ्तेकाचा क्लब, पिवळा शर्ट. ग्वादालाहाराच्या चिवासबरोबर त्यांची मॅच म्हणजे 'क्लासिको नासिओनाल'. चिवास फक्त मेक्सिकन खेळाडूच घेतात, तो त्यांचा अभिमान. अमेरिका-क्रूस आसुल हीपण जुनी खुन्नस, दोन्ही याच शहरातले. पेठापेठांतली ईर्षा ज्याने बघितलीय त्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा क्लब पुमास, विद्यापीठाचा. त्यांचं मैदान वेगळं, १९६८ च्या ऑलिंपिकचं, ज्यावर दिएगो रिव्हेराचं दगडी भित्तिचित्र आहे. स्मिथ आणि कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी पोडियमवर निषेधाची मूठ वर केली ते हेच मैदान. पुमासच्या घरच्या मॅच बऱ्याचदा रविवारी दुपारी बाराला असतात, टोपी घालूनच जा. ऑक्टोबरच्या शेवटी आलात तर सगळं शहर झेंडूने भरलेलं दिसेल, मृतांच्या सणासाठी. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा इथलाच.

१०. राहायचं कुठं?

रोमा-कोंदेसा छान आहे, महाग आहे, मैदानापासून लांब आहे. कोयोआकान सुंदर आणि त्यातल्या त्यात जवळ. मी सांगेन मेट्रोच्या निळ्या लाइनजवळ, म्हणजे लाइन २ जवळ कुठंही राहा, जुन्या शहरात सोकालोजवळ किंवा आमच्या पोर्तालेसकडे, कारण मॅचला जायचं ते त्याच लाइनने. फक्त त्लाल्पानच्या मोठ्या रस्त्यावर खूप स्वस्त हॉटेल दिसलं तर फोटो आणि रिव्ह्यू नीट बघा, तिथली बरीच हॉटेलं तासावर खोल्या देणारी आहेत, घरच्यांना घेऊन जायची नाहीत.

११. मैदानावर जायचं कसं? उबर करू का?

मोठ्या मॅचला उबर नको. शेवटचे दोन किलोमीटर गाडी हलत नाही, रस्ते बंद केलेले असतात. लाइन २ ने शेवटच्या स्टेशनला, तास्केन्याला जा. तिथं उतरून त्रेन लिहेरो, म्हणजे लहान ट्रेन, आणि 'एस्तादिओ अझ्तेका' नावाचंच स्टेशन. मेट्रोचं भाडं ५ पेसो, छोट्या ट्रेनचं ३. दोन्हीला एकच कार्ड चालतं, ते आदल्या दिवशीच घेऊन भरून ठेवा, मॅचच्या दिवशी तास्केन्याला रांगेतच अर्धा तास जातो.

किक-ऑफच्या तीन तास आधी निघा. उगाच सांगत नाही, तो रस्ताच अर्धी मॅच आहे. तास्केन्याच्या जिन्यावरच पिवळे शर्ट सुरू होतात, आजोबांच्या खांद्यावर नातू, कुणीतरी ढोल घेऊन डब्यात शिरतो आणि दार लागायच्या आत अख्खा डबा गायला लागतो. ट्रेनमधून उतरलं की पुलावर दोन्ही बाजूंना बायका तवे टाकून बसलेल्या असतात. एका मावशींकडे मी नेहमी थांबतो, त्या निळ्या मक्याचं पीठ तळहातावर थापतात, आपल्या भाकरीसारखंच, फक्त लांबट, मधे भोपळ्याची फुलं आणि चीज भरतात, आणि गल्ला मोजायच्या आधी विचारतात, आज कोण जिंकणार. उत्तर काहीही द्या, हिरवी चटणी जास्त घालतात.

१२. रात्री परत येताना?

सगळे एकदम बाहेर पडतात, त्यामुळे दोनच मार्ग: शेवटची शिट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी उठणं, जे मी कधीच करू शकलो नाही, किंवा अर्धा-पाऊण तास बाहेर काहीतरी खात थांबणं. एक युक्ती: अझ्तेका स्टेशनवर चेंगरायच्या ऐवजी तास्केन्याच्या उलट दिशेला एक स्टेशन चालत जा, उइपुल्को, आणि तिथून तास्केन्याकडे जाणारी ट्रेन पकडा, जरा जागा मिळते. मेट्रो मध्यरात्री बंद होते. उबर करायचीच असेल तर आधी गर्दीबरोबर मोठ्या रस्त्याने लांब चालत जा आणि मग बोलवा. आतल्या अंधाऱ्या गल्ल्यांतून शॉर्टकट नको.

१३. आत काय नेता येत नाही?

बाटल्या, छत्र्या, मोठ्या बॅगा, सेल्फी स्टिक, आणि आपल्या लोकांना हमखास नडणारी गोष्ट, कमरेचा पट्टा. हो, बेल्ट. बकलने मारामारी होते म्हणून इथल्या स्टेडियममध्ये लीगच्या मॅचला तो काढून ठेवायला लावतात. बाहेर फळ्यांवर लोक बसलेले असतात, थोड्या पेसोत बेल्ट ठेवून घेऊन नंबराची चिठ्ठी देतात, शेकडो बेल्ट ओळीने टांगलेले असतात. बिनबेल्टची पँट घालून जाणं सगळ्यात सोपं. वर्ल्ड कपची यादी फिफा वेगळी देते, ती तिकिटाबरोबर वाचा.

१४. उंचीचा त्रास होतो का? बाबांना बीपी आहे.

शहर २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात उंच शिखरापेक्षाही हे अख्खं शहर सहाशे मीटर वर. बहुतेकांना पहिले दोन दिवस डोकं जड होणं, जिना चढताना धाप लागणं, झोप उडणं एवढंच होतं. पाणी भरपूर, दारू कमी, पहिल्या दिवशी फिरणं कमी. बीपी, हृदय, दमा असेल तर डॉक्टरांना आकडा सांगून विचारून या, आणि अझ्तेकात वरच्या मजल्याचं तिकीट घेऊ नका, चढ खरंच मोठा आहे. हवा विरळ असल्यामुळे बॉल जास्त वेगाने आणि लांब जातो, आणि पाहुणी टीम सत्तराव्या मिनिटाला गुडघ्यावर हात टेकून उभी दिसते.

१५. पाऊस? जूनमध्ये काय घालू?

जून ते सप्टेंबर पावसाळा. सकाळी कडक ऊन, दुपारी चार-पाचनंतर धो धो, रात्री गारठा. मुंबईसारखं दिवसभर नाही. पातळ रेनकोट खिशात, आत स्वेटर. छत्री आत नेऊ देत नाहीत. खालच्या रांगांत भिजायला होतं, वर छत आहे. ढगाळ असलं तरी सनस्क्रीन लावा, या उंचीवर ऊन न जाणवता भाजतं.

१६. कुठला शर्ट घालू? इंडियाची जर्सी चालेल का?

वर्ल्ड कपला बिनधास्त, लोक येऊन फोटो काढतील. क्लबच्या मॅचला जरा विचार करा. आपली निळी जर्सी लांबून क्रूस आसुलची वाटते आणि चेन्नईची पिवळी अमेरिकाची. साधा पांढरा-राखाडी शर्ट उत्तम. गोलच्या मागच्या भागात ढोलवाले कट्टर समर्थक उभे असतात, पहिल्याच वेळी तिथलं तिकीट घेऊ नका, साइडला बसा. गोल झाला की वरून बियरचे ग्लास उडतात, ते भांडण नव्हे, आनंद आहे.

१७. आई, बायको, लहान मुलांना घेऊन येणं सुरक्षित आहे का?

इथं कुटुंबंच्या कुटुंबं मॅचला येतात. मेट्रोत पुढचे डबे गर्दीच्या वेळी बायका-मुलांसाठी राखीव असतात, ते वापरा. खिसेकापू आहेत, फोन पुढच्या खिशात आणि ट्रेनच्या दाराशी उभं राहून हातात नाही. रस्त्यावरची टॅक्सी हात करून थांबवू नका. पैसे बँकेच्या आतल्या एटीएममधून, दिवसा. इमर्जन्सीला ९११. एवढं पाळलं तर मला इतक्या वर्षांत सांगण्यासारखं काही झालेलं नाही.

१८. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण विचारायला शिकावं लागेल. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हटलं तर चिकन किंवा हॅम येऊ शकतं, कारण ते त्यांच्या हिशोबात 'कार्ने' नाही. म्हणून पूर्ण म्हणा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन मांतेका. शेवटचा शब्द महत्त्वाचा, मांतेका म्हणजे डुकराची चरबी, राजम्यासारख्या घट्ट उसळीत ती बऱ्याचदा असते. लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. स्टेडियममधले कप नूडल्सही तसेच.

आता काय खायचं: नोपालेस म्हणजे निवडुंगाची भाजी, भेंडीसारखी किंचित बुळबुळीत. उइत्लाकोचे, मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी, ऐकायला विचित्र पण चव मशरूमसारखी. एस्किते, मक्याचे दाणे लिंबू-तिखट-चीज घालून (मेयोनीजही घालतात, अंडं नको असेल तर सांगा). केसादिया मागताना 'कोन केसो' म्हणा, या शहरात केसादियात चीज असतंच असं नाही आणि यावरून बाकीचा देश यांच्याशी वाद घालतो. तोर्तियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला असतो, म्हणून तो वास वेगळा येतो. आणि फळं खा. चिकू, सीताफळ, पेरू, पपई सगळं मिळतं, चिकू तर मूळचा इकडचाच, नावासकट. जैन असाल तर बाहेर अवघड आहे, किचन असलेली खोली घ्या. नळाचं पाणी कुणीच पिऊ नका.

१९. सगळीकडे डॉलरचं चिन्ह आहे, दोनशे डॉलरचं जेवण?!

पेसोलाही तेच चिन्ह आहे, घाबरू नका. एक पेसो साधारण पाच रुपये धरा. कार्ड हॉटेलात चालतं, रस्त्यावर रोख लागते, सुट्टे वीस-पन्नासचे ठेवा. एटीएम 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' विचारतं, तिथं नाही म्हणा, रेट वाईट असतो. हॉटेलात दहा-पंधरा टक्के टिप द्यायची पद्धत आहे.

२०. स्पॅनिश येत नाही.

ग्रासियास, पोर फाव्होर, आणि जेवणाऱ्या अनोळखी माणसाशेजारून जाताना 'प्रोव्हेचो', म्हणजे सावकाश होऊ द्या. या तीन शब्दांवर दारं उघडतात. बाकी ट्रान्सलेटचं अॅप ऑफलाइन डाउनलोड करून या.

२१. गोलकीपर किक मारताना सगळे मिळून ओरडतात, आपणही ओरडायचं का?

नाही. तो शब्द समलिंगी माणसांना हिणवणारा आहे. त्यापायी मेक्सिकोच्या फेडरेशनला फिफाने कितीतरी वेळा दंड केलाय, सप्टेंबर २०२१ ची जमैकाविरुद्धची मॅच याच अझ्तेकात रिकाम्या स्टेडियममध्ये खेळावी लागली, आणि ओरडा चालूच राहिला तर रेफरी मॅच थांबवू शकतो. अर्थ न कळता मजेत सामील होणारे पाहुणे बघितले की मला वाईट वाटतं. वेव्ह आली की मात्र उठा. 'मेक्सिकन वेव्ह' हे नाव जगात गेलं ते १९८६ च्या वर्ल्ड कपमधून, आणि वानखेडेवर ज्याने शंभरदा केलीय त्याने ती इथं एकदा तरी करावी.

२२. भूकंपाचा भोंगा वाजला तर?

रस्त्यावरच्या खांबांवर स्पीकर आहेत, 'आलेर्ता सिस्मिका' असा आवाज येतो. हादरे पोचायच्या आधी काही सेकंद मिळतात. आसपासचे लोक करतील तेच करा, पळू नका, लिफ्ट नको, काचेपासून दूर. १९ सप्टेंबरला मोठा सराव असतो, कारण १९८५ आणि २०१७ चे मोठे भूकंप त्याच तारखेला झाले. त्या दिवशी भोंगा वाजला तर आधी वेळ विचारा, पण बाहेर पडाच, २०२२ ला सरावानंतर तासाभरातच खरा भूकंप आला होता.

२३. पासपोर्ट हरवला तर?

भारताची वकिलात पोलांको भागात आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाच्या शिक्क्याचे फोटो ईमेलमध्ये ठेवा. मॅचला जाताना मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवता येतो, पण तिकिटाला ओळखपत्र लागणार असेल (प्रश्न ८) तर न्यावाच लागेल, मग शर्टच्या आत, गळ्यातल्या पाऊचमध्ये.

२४. आम्ही कोल्हापूरचे अकरा जण येतोय, जागा एकत्र मिळतील का?

एका खात्यावर किती तिकिटं मिळतात याला मर्यादा असते, त्यामुळे अकरा ओळीने बहुतेक मिळणार नाहीत. तीन-तीन, चार-चारचे गट करा, प्रत्येक गटात एकाकडे कार्ड, रोख आणि हॉटेलचा पत्ता कागदावर. आत गेल्यावर एवढ्या गर्दीत नेटवर्क चालत नाही, 'बाहेर आल्यावर फोन करतो' हा प्लॅन नाही. स्टेडियमसमोर अलेक्झांडर काल्डरचं १९६८ च्या ऑलिंपिकच्या वेळचं लाल गोल असलेलं प्रचंड शिल्प आहे, 'सोल रोहो', लांबूनही दिसतं. मॅच संपल्यावर पाऊण तासात त्याच्याजवळ जमायचं असं ठरवा, आणि सुरक्षेसाठी तो भाग बंद केलेला असेल तर दुसरी जागा म्हणून तास्केन्या स्टेशनचं मेट्रोचं तिकीटघर. कुठल्या मॅचला येताय ते कळवा, पिवळ्या लाइटखालच्या त्या मावशींकडे मी असेन.